वर सडा, मधी नाचणा, खाली ऊस

परवा कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर गेलतो, सोबत पुण्याचे दोन मित्र. पावसाळा नुकताच संपत आलेला, वर मस्त धुकं, आणि त्यातला एकजण चहूकडं बघून म्हणतो, "अरे इथलं सगळं जंगल तोडलंय की काय, एक झाड नाही, इथं झाडं लावायची मोहीम घ्यायला पाहिजे." मी आधी हसलो, पण मग वाटलं ह्याला काय म्हणून नावं ठेवायची, मी स्वतः पंचविशीपर्यंत हेच समजत होतो. पन्हाळा, मसाई, दाजीपूर, गगनबावडा सगळीकडं फिरलो, फोटो काढले, भजी खाल्ली, पण हा डोंगर असा का दिसतोय हे कधी कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलं पण नाही. शाळेत दख्खनचं पठार म्हणून एक धडा होता तेवढाच, परीक्षा झाली विसरलो.

तर आज जमेल तेवढं सोपं करून सांगतो. एकच गोष्ट डोक्यात ठेवा, आपल्या पश्चिमेच्या डोंगरात वरचा माथा दगडानं घडवलाय, मधला उतार माणसानं घडवलाय, आणि ही दोन्ही कामं एकमेकांत इतकी गुंतलीत की एकाला कुलूप लावून दुसरं वाचवता येत नाही. कसं ते बघू.

आधी दगड. साधारण साडेसहा कोटी वर्षांमागं, म्हणजे डायनासोर गेले त्या सुमाराला, आपला भारत अजून आशियाला चिकटलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडं सरकत होता, आणि जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं टोकदार डोंगर आणि वरून धूर असं चित्र येतं, तसं हे नव्हतं, हे दूध उतू गेल्यासारखं होतं, एक थर आला, पसरला, थंड झाला, मध्ये बराच काळ गेला, वर माती तयार झाली, परत दुसरा थर. असे थरावर थर. आज सुद्धा हा काळा दगड जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. करूळ घाटातनं किंवा भुईबावड्यातनं कोकणात उतरताना कापलेल्या कड्याकडं नीट बघा, काळ्या दोन थरांच्या मध्ये कुठंकुठं विटकरी लाल पट्टी दिसती, ती त्या मधल्या सुट्टीतली भाजलेली माती.

ह्या दगडाला जगभर ट्रॅप म्हणतात, मूळ स्वीडिश शब्द, अर्थ जिना. आणि खरंच जिनाच आहे तो. कडक थर उभा कडा होऊन राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, परत कडा, परत उतार. हा जिना लक्षात ठेवा कारण पुढं शेती ह्याच पायऱ्यांवर येणार आहे.

मग प्रश्न येतो की कोकणाच्या बाजूला एकदम सरळ तुटलेला कडा आणि आपल्या बाजूला निवांत उतार असं का. त्याचं कारण असं की लाव्हा येत होता त्याच सुमाराला पश्चिमेकडची जमीन तुटून बाजूला निघाली, सेशेल्स बेटं जी आज हिंद महासागरात आहेत ती तेव्हा आपल्याला चिकटून होती, ती वेगळी झाली. तुटलेल्या कडेला पाऊस कुरतडत कुरतडत कडा मागं मागं सरकला. आणि पाणी मात्र पूर्वेकडं उतरायला लागलं. म्हणून तर गंमत बघा, गगनबावड्यात उभं राहिलं तर अरबी समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, पण तिथं पडलेला थेंब कुंभी नदीतनं पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि शेवटी पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो. घरासमोर दुकान असताना पेठेत जाऊन सामान आणण्यातला प्रकार.

पाऊस किती तर गगनबावड्याला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास. कोल्हापूर शहरात हजाराच्या आगंमागं. आणि शिरोळकडं गेलं की पाचशेच्या घरात. एकाच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या आत, दहापट फरक. हे आकडे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी दोनदा तपासले होते. ढग कड्याला आपटतात, वर चढतात, थंड होतात, पाणी तिथंच ओततात आणि पुढं रिकामे होऊन येतात, आपल्याला उरलंसुरलं.

आता खरा हिरो, जांभा.

काळ्या दगडावर लाखो वर्षं असा धो धो पाऊस आणि त्यामागून कडक ऊन, परत पाऊस, परत ऊन, असं चालू राहिलं की दगड सडतो. सडतो म्हणजे त्यातलं जे विरघळण्यासारखं आहे ते पाण्याबरोबर निघून जातं, सिलिका गेली, चुना गेला, पोटॅश गेलं, आणि जे हटत नाही ते मागं राहतं, म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजतं म्हणून लाल. हाच जांभा. बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश डॉक्टरनं केरळात हा दगड बघून १८०७ च्या आपल्या पुस्तकात त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून, कारण लोक तो जमिनीतनं विटेसारखा कापून काढत होते आणि उघड्यावर ठेवला की तो कडक होत होता. कोकणात आजही चिरेखाणीत तेच चालू आहे. जिथं ॲल्युमिनियमचं प्रमाण जास्त तिथं त्यालाच बॉक्साइट म्हणतात, आणि म्हणून तर आपल्या शाहूवाडी-राधानगरीकडच्या डोंगरमाथ्यांवर कंपन्यांचा डोळा. त्यावर नंतर येतो.

एक प्रयोग सांगतो, घरी करून बघण्यासारखा आहे. आमच्या घराच्या कंपाउंडचं काम झालं तेव्हा जांभ्याचे दोन-तीन चिरे उरले होते, ते मागच्या बाजूला पडून होते. तिथंच जवळ एक जुनी काळ्या दगडाची फरशी. एका दुपारी मी बाटलीतलं पाणी आधी फरशीवर ओतलं, सरळ घसरून गटारात गेलं. मग तेवढंच पाणी चिऱ्यावर हळूहळू ओतलं. वर एक थेंब थांबला नाही, त्या बारीक बारीक भोकातनं आत गेलं, सूं सूं असा अगदी बारीक आवाज पण येतो कान लावला तर, आणि मग मिनिटभरानं चिऱ्याच्या खालच्या कडेनं एकेक थेंब बाहेर यायला लागला. आमची आई खिडकीतनं विचारती, दगडाला कशाला पाणी पाजायलास, झाडाला घाल की.

पण त्या थेंबात सगळा सह्याद्री आहे बघा. डोंगरमाथ्यावर जांभ्याची टोपी, त्याच्या खाली सडलेल्या दगडाचा चिकणमातीसारखा थर, आणि त्याच्या खाली पक्का काळा दगड. पाऊस टोपीतनं आत मुरतो, चिकण थरावर जाऊन अडतो, आणि मग बाजूनं वाट काढत टोपी संपती तिथं झरा होऊन बाहेर पडतो. डोंगरावरचे बरेचसे बारमाही झरे तुम्हाला ह्याच रेषेवर दिसतील, आणि धनगरवाडे, जुन्या वाड्या पण ह्याच रेषेला धरून. पन्हाळ्यावर एवढ्या उंचीवर विहिरी, बाव, तळी का, तर गडाच्या डोक्यावर ही टोपी आहे. ज्यांनी गड बांधला त्यांनी भूगर्भशास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण पाणी कुठं लागतंय हे त्यांना बरोबर कळत होतं.

ह्याची दुसरी बाजू पण आहे. तो मधला चिकण थर गरजेपेक्षा जास्त भिजला की साबणासारखा होतो आणि वरचं वजन घेऊन सरकतो. २०२१ च्या जुलैमध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला, कित्येक दिवस वर चारचाकी जात नव्हती, तेव्हा लोक म्हणत होते काम निकृष्ट झालंय. असेलही. पण खालची रचनाच अशी आहे की पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नाही तर ते स्वतःची वाट काढतं. उतार कापून रस्ता रुंद करायचा, वर हॉटेलं बांधायची आणि पाणी कुठं जाणार ते बघायचं नाही, मग दुसरं काय होणार.

तर ही टोपी जिथं सपाट आणि उघडी आहे त्याला आपल्याकडं सडा म्हणतात. दाजीपुरात सावराई सडा आहे, इदरगंजचं पठार आहे, इकडं मसाई. माझ्या मित्राला जे तोडलेलं जंगल वाटलं ते हेच. इथं जंगल कधी नव्हतंच, म्हणजे ह्या भर सड्यावर तरी नाही. कारण सोपं आहे, माती दोन-चार बोटं, तीही सगळीकडं नाही. पावसाळ्यात चार महिने पाण्यात बुडलेली, नंतर सात-आठ महिने तव्यासारखी तापलेली. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही. मग इथं कोण राहतं तर ज्यांना घाई आहे ते. पाऊस पडला की उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि वाळून जायचं, दोन-तीन महिन्यात संसार आटोपला. निळीजांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर रंगाचे पट्टेच्या पट्टे दिसतात, आणि ते पट्टे उगाच नाहीत, जिथं पाणी साठतं तिथं एक जात, जिथं वाहतं तिथं दुसरी, जिथं बोटभर माती जास्त तिथं तिसरी.

त्यात पण सीतेच्या आसवांची भानगड मला फार आवडती. दिसायला इतकं नाजूक फूल, नाव इतकं करुण, आणि मुळाशी बारीक बारीक फुगे लावून किडे गिळतं. दवबिंदू म्हणून आणखी एक आहे, त्याच्या पानावर चिकट थेंब, माशी बसली की संपली. हे मांसाहारी का झाले, तर सड्यावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाही, सगळं पावसानं धुऊन नेलंय, मग जेवण दुसरीकडनं मिळवावं लागतं. गरिबीतनं आलेली हुशारी.

आजऱ्याच्या पुढं आंबोलीला एक छोटा भेक आहे, वाघासारखे पट्टे असलेला, तो त्याच परिसरात सापडतो, आणि त्याची पिल्लं सड्यावरच्या उथळ डबक्यात वाढतात. ज्या डबक्यातनं आपण गाडी घालून पाणी उडवत रील काढतो त्यातलं ते डबकं असू शकतं. मसाईवर मला जीपच्या चाकांचे चर दिसले, दोन पावसाळे जुने असावेत, त्यात अजून काही उगवलेलं नव्हतं. दोन बोटं माती तयार व्हायला किती काळ लागला आणि जायला किती, हिशेब करा.

आता मधला उतार, म्हणजे माणसाचं काम.

माझा मामा गगनबावडा तालुक्यातला. गावाचं नाव राहू दे. लहानपणी मे महिन्यात जायचो आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत, त्यामुळं तिथला पाऊस मी कॉलेजला गेल्यावर पहिल्यांदा बघितला, आणि नाचण्याची लावण पण तेव्हाच. मामाचं वरचं शेत म्हणजे टेकाच्या कुशीत एकाखाली एक सात-आठ पट्ट्या, प्रत्येक पट्टीच्या कडेला दगडाची ताल. त्या पट्ट्या म्हणजे लाव्हाच्या जिन्याच्या पायऱ्याच, माणसानं फक्त पुढच्या कडेला दगड रचून त्यांना मापात आणलं. ताल कुणी घातली विचारलं तर मामा म्हणाला, "माझ्या आज्याला पण ठावं न्हवतं."

भाताला पाणी साठवणारी जमीन लागते, ती खाली ओढ्याकाठी. वरच्या वरकस जमिनीत पाणी थांबतच नाही, तिथं नाचणी, वरी. नाचणीला आमच्याकडं नाचणाच म्हणतात. पातळ माती चालती, आंबट माती चालती, पाऊस मध्येच पंधरा दिवस गायब झाला तरी मान टाकत नाही, आणि दाणा इतका बारीक की त्याला कीड लागत नाही, कणगीत वर्षानुवर्षं राहतो. ज्या गावाला पावसाळ्यात चार महिने बाहेरच्या जगाचा संबंध तुटायचा त्याला असलंच धान्य पाहिजे होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. २०२३ ला भरडधान्य वर्ष झालं तेव्हा हे सगळ्यांना कळलं आणि शहरात नाचणीची बिस्किटं आली, मामी म्हणाली आमी इतकी वर्सं गरिबाचं म्हणून लाजत खाल्लं आन आता तुमी पाकिटातनं खाताय.

लावण कशी करतात ते सांगतो. आधी राब. मार्च-एप्रिलमध्ये ज्या तुकड्यात रोप टाकायचं तिथं शेण, वर झाडाच्या छाटलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर असं रचायचं आणि वारं नसताना पेटवायचं. भडका नाही करायचा, धुमसत ठेवायचं. मला वाटायचं हा नुसता जुना रिवाज, पण त्याच्यामागं चोख कारण आहे. सहा हजार मिलिमीटर पाऊस मातीतलं सगळं धुऊन नेतो, पोटॅश तर आधी जातं, आणि राख म्हणजे पोटॅश. वर तणाचं बी भाजून मरतं, त्यामुळं रोपाला पहिला महिना मोकळा मिळतो. म्हणजे निसर्गानं जे पाण्यानं नेलं ते माणसानं जंगलातनं डहाळी आणून, जाळून परत दिलं. जंगल शेताला खत घालतं असा व्यवहार आहे हा. आणि डहाळी तोडायचे पण नियम होते, शेंडा ठेवायचा, एक वर्ष आड तोडायचं, देवराईतलं तर पान पण उचलायचं नाही.

मग मृग निघाला की रोप टाकायचं, महिन्याभरात ते उपटून वरच्या पट्टीत लावायचं. पाठीवर इरलं, पायात चिखल, एका हातात रोपाची जुडी, दुसऱ्या हातात बोटाएवढी काठी. भोक पाडायचं, दोन रोपं ठेवायची, अंगठ्यानं दाबायचं, पुढं सरकायचं. मी अर्धा तास केलं आणि कंबर धरून बसलो. मामी साठीच्या, त्यांनी मान वर न करता दोन पट्ट्या संपवल्या. माझ्या ओळीतली रोपं दुसऱ्या दिवशी आडवी पडलेली, मी भोकात माती न दाबता नुसतं खोचलं होतं. कुणी काही बोललं नाही, मामीनं परत लावली, तेच जास्त लागलं.

पट्टीच्या एका टोकाला कातळ उघडा पडला होता, तिथं मी विचारलं हा फोडून जागा का करत नाही. मामा म्हणाला, "आरं त्यो कातळ हाय, त्येला पाणी दिलंस तर पितंय आन कुदळ मारलीस तर खालचा झराच बसतोय." झरा बसतोय म्हणजे आटतोय. माझा बाटलीचा प्रयोग त्यानंतर कित्येक वर्षांनी झाला, तोवर मला ह्या वाक्याचा अर्थच कळला नव्हता.

पूर्वी ह्याच्या वरच्या उतारावर कुमरी चालायची. म्हणजे जंगलाचा एक तुकडा साफ करायचा, जाळायचा, पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळं किंवा तसलंच काहीतरी, आणि मग तो तुकडा बरीच वर्षं पडीक सोडायचा, जंगल परत यायचं, तोवर दुसरा तुकडा. इंग्रजांच्या जंगल खात्याला हे अजिबात आवडलं नाही, त्यांना सागवान दिसत होतं आणि हे लोक आग लावताना दिसत होते, त्यामुळं कुमरीवर बंधनं आली, बऱ्याच भागात बंदच झाली. आता ह्यात बाजू घ्यायची तर मी म्हणेन, माणसं कमी आणि पडीक ठेवायचा काळ लांब असेल तर कुमरी जंगलाला पचते, काळ कमी झाला की नाही पचत, लोकसंख्या वाढल्यावर ती तशी चालली नसतीच. पण तिला सरसकट नासधूस म्हणणं हा पण अडाणीपणाच.

आणि धनगर. आपल्याकडं धनगर म्हटलं की मेंढरं घेऊन फिरणारे आठवतात, पण घाटमाथ्यावरचे गवळी धनगर म्हशी पाळतात आणि एकाच वाड्यावर राहतात, कारवीच्या काड्यांचा कूड, वर शेणाचा लेप. कारवी म्हणजे ती सात वर्षांतनं एकदा फुलणारी. म्हशी सड्यावर चरतात, उंच गवत खाली राहतं, फुलांना उजेड मिळतो. साताऱ्याच्या कास पठारावर फुलं वाचवायला कुंपण घातलं होतं आठवतंय का, गुरं आत जायची बंद झाली, गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड झाली, शेवटी ते कुंपण काढावं लागलं. चराई म्हणजे नुकसान असं सरळ गणित सड्यावर तरी बसत नाही. अर्थात किती गुरं ह्यावर सगळं आहे, शंभरानं चरलं तर फुलं राहतात, हजारानं चरलं तर माती पण राहायची नाही.

खाली खोऱ्यात आलं की आपलं सगळ्यांचं ओळखीचं जग, ऊस. हा ऊस पण वरच्याच डोंगराच्या जिवावर. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण सुरू केलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, गावाला आपल्या मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं, धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात ते आजही पुराच्या दिवसात बातमीत येतात. कोल्हापूर हिरवं आहे ते त्या पाण्यामुळं. २०१९ आणि २०२१ ला शहरात पाणी शिरलं तेव्हा दरवाजे किती उघडले ह्यावर आपण सगळे तज्ज्ञ झालो होतो, पण त्याच्या वरचा जो डोंगर आहे, पाणी धरून ठेवणारा किंवा न ठेवणारा, त्याच्यावर कुणी बोललं नाही. एवढ्या पावसात डोंगरानं पूर थांबवला असता असं मी म्हणत नाही, पण टोपी काढलेला डोंगर आणि टोपी असलेला डोंगर ह्यात फरक तर पडणारच. बॉक्साइट काढणं म्हणजे नेमकी ती टोपीच काढणं, कारण माल तोच आहे. खाणीत गावातल्या पोरांना काम मिळतं, ट्रकचा धंदा होतो, हे खरं, कुणी नाकारत नाही. खाण संपली की वर माती पसरून झाडं लावतात, हिरवं दिसतं, पण मुरणारा दगड गेला तो गेला.

आता संरक्षण. हा भाग किचकट आहे आणि गावात सगळ्यात जास्त गोंधळ ह्याचाच, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिला प्रकार अभयारण्य. दाजीपूर ही आधी संस्थानची शिकारीची जागा, मग १९५८ ला गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ ला वाढवून राधानगरी अभयारण्य, ३५१ चौरस किलोमीटर. हा कायदा कडक, आत शिकार नाही, झाडतोड नाही, चराई आणि बाकी हालचाल वनखात्याच्या परवानगीनं. उत्तरेला कोयना-चांदोली मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि राधानगरी म्हणजे तिथनं गोवा-कर्नाटकाकडं जाणाऱ्या वाघाच्या वाटेतला मधला थांबा. दुसरा प्रकार जागतिक वारसा. २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा ठरवल्या, महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि आपली राधानगरी. पण वारसा हा कायदा नाही, तो मान आहे, त्यानं गावात नवीन बंदी येत नाही, जी असती ती आधीच्याच कायद्याची असती. (पन्हाळा २०२५ ला वारशात आला तो सांस्कृतिक वारसा म्हणून, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. म्हणजे एका जिल्ह्यात दोन वारसे, आणि दोन्हीकडं जांभा, हे कुणी बोर्डावर लिहीत नाही.)

तिसरा प्रकार संवर्धन राखीव. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड असे पट्टे अलीकडं ह्यात आलेत. हे अभयारण्यापेक्षा सौम्य, सरकारी जमिनीवरच करता येतं, स्थानिक लोकांशी बोलून करायचं असतं आणि समितीत ग्रामपंचायतीची माणसं असतात, लोकांचे आधीचे हक्क जात नाहीत. चौथा प्रकार इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक ठरवलेला भाग, ज्यावरनं सगळ्यात जास्त मोर्चे निघाले. २०११ ला पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांच्या समितीनं पश्चिम घाटावर अहवाल दिला, २०१३ ला कस्तुरीरंगन समितीनं, मग २०१४ पासून सरकारी अधिसूचनेचा मसुदा निघतोय, हरकती येतायत, मुदत संपती, परत मसुदा, सहावा निघाला २०२४ ला. ह्यात मुख्य रोख खाणी, मोठे कारखाने, मोठी बांधकामं ह्यांच्यावर आहे. पण गावात काय पोचलं, तर आता घराला कौलं घालता येणार नाहीत आणि शेतात नांगर चालणार नाही. अफवा कुणाच्या फायद्याची होती ह्याचा तुम्हीच विचार करा, पण सरकारनं मराठीत, चावडीवर बसून, कधी नीट सांगितलं नाही हा दोष पण तेवढाच मोठा.

आणि एक कायदा उलट्या दिशेचा, २००६ चा वनहक्क कायदा. जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना जमिनीचा आणि गावाला जंगलाचा हक्क देणारा. पण त्यात एक पाचर आहे. आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायचा. गवळी धनगर आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वाडा घातला, पण कागद कधी केला नाही, त्यांनी पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा आणायचा. कुठनं आणणार? सातबारा खालच्या माणसाचा असतो.

हे सगळं एका ठिकाणी येऊन कसं मिळतं ते मामाच्या शेतात दिसतं. पोरं एमआयडीसीत, लावणीला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, नाचण्याला भाव आला म्हणतात तो पाकिटवाल्याला आला. मग वरच्या पट्ट्या पडीक पडल्या. पडीक पडल्या की आधी गवत, मग घाणेरी, मग झुडूप. ताल कोसळली की बघायला कुणी नाही, पावसाळ्यात एक दगड निसटला की मागची माती सगळी ओढ्यात. लांबनं बघितलं तर हिरवं, शहरातला माणूस म्हणणार वा जंगल परत आलं. आणि गवा, ज्याला मोकळं गवत लागतं, पाणी लागतं, मीठ चाटायला लागतं, तो खाली उसात उतरतो, कारण रान झुडपानं भरलं आणि खाली बारमाही कोवळं ऊस-मका उभं. कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत गवे आले होते ते आठवत असेल. चंदगड-आजऱ्याकडं तर हत्तीच. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, सुगंधी, छान, पण हत्तीला मानांकन काय माहीत, तो एका रात्रीत वाफा लोळवून जातो.

मागच्या दिवाळीत मामाकडं गेलो तेव्हा विचारलं, वरच्या पट्ट्या आता सोडूनच दिल्या का. म्हणाला सोडल्या, पण सगळ्यात वरची, झऱ्याच्या खालची एक ठेवलीय. एवढी एकच का तर म्हणाला बी पाहिजे की. दुकानात नाचण्याचं बी मिळतं की मामा, मी म्हटलं. त्यानं मामीकडं बघितलं आणि दोघं हसले. मामीनं माळ्यावरनं एक गाडगं काढलं, तोंडाला फडकं, आत राखेत घोळलेला काळपट लाल दाणा, आणि माझ्या ओंजळीत ओतला. हातात धरलं तर रवाळ वाळूसारखं लागत होतं, बोटांच्या फटीतनं गळत होतं. मामी म्हणाली, सांडू नकोस, एवढ्यात अख्खी पट्टी हुती.